बाळाची सुखनिद्रा आणि कपड्यांची निवड

बाळाच्या आगमनाची चाहूल लागताच घरात खरेदीचा उत्साह संचारतो. रायपूरमधील मराठी कुटुंबांची पावले अशा वेळी पंडरीच्या कापड बाजाराकडे वळतात. मात्र बाळाच्या रात्रीच्या कपड्यांची निवड करताना हौसेपेक्षा हवामानाचा विचार अधिक महत्त्वाचा ठरतो. येथे मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो, तर जानेवारीच्या रात्री चांगल्याच गार असतात.

नवजात बालकास शरीराचे तापमान मोठ्यांप्रमाणे राखता येत नाही. थंडी त्यास बाधते, तशीच झोपेतील अतिउष्णताही धोकादायक ठरते. म्हणून उन्हाळ्यात मलमलीचे एक सैल झबले पुरेसे होय. हिवाळ्यात जाड दुलईऐवजी सुती कपड्यांचे दोन-तीन थर द्यावेत. मोकळे पांघरूण तोंडावर येऊ शकते. घरात झोपताना टोपडेही काढावे. कमी वजनाच्या बाळाबाबत मात्र डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. बाळाची मान किंवा छाती घामेजली असल्यास एक थर कमी करावा.

झबले पुढून उघडणारे असावे. लांब नाड्या, सैल बटणे, टोचणारी जर टाळावी. नवे कपडे धुऊनच वापरावेत.

साधारण पाच महिन्यांत बाळाचे जन्मवेळचे वजन दुप्पट होते. त्यामुळे लहान मापाची सहा-सात झबली पुरतात. उरलेल्या रकमेतून बाळाच्या नावे बचत खाते उघडल्यास ती भेट बाळाबरोबर वाढत राहील.