गांडीव परत करताना

अर्जुनाचा गर्व कसा गळाला, या प्रश्नावर आपण सहसा गीतेकडे बोट दाखवतो. वस्तुतः महाभारतकारांनी हे परिवर्तन इतक्या सुलभतेने होऊ दिलेले नाही. गीता ऐकून झाल्यावरही अर्जुनाचा अहंकार जागा होता, याचा दाखला कर्णपर्वात आहे.

कर्णाच्या बाणांनी घायाळ झालेला युधिष्ठिर संतापाच्या भरात अर्जुनाला म्हणतो, तुझे गांडीव दुसऱ्याला देऊन टाक. असे म्हणणाऱ्याचा वध करीन, ही अर्जुनाची प्रतिज्ञा! तो थोरल्या भावावर तलवार उपसतो आणि केवळ श्रीकृष्णामुळे अनर्थ टळतो. परंतु ते धनुष्य मुळात त्याचे होते काय? खांडववनाच्या वेळी अग्नीच्या विनंतीवरून वरुणाने ते दिले होते. अर्थशास्त्राच्या भाषेत, उसन्या भांडवलाला अर्जुन स्वतःची मालमत्ता समजत होता.

मौसलपर्वात हा भ्रम फिटू लागतो. श्रीकृष्णाच्या निधनानंतर द्वारकेतील स्त्रिया, मुले व वृद्ध यांना घेऊन तो निघतो. पंचनद प्रदेशात लाठ्या घेतलेले आभीर चालून येतात. गांडीव सज्ज करणेही अर्जुनाला जड जाते, अस्त्रे आठवत नाहीत, भाते रिते होतात. त्याच्या डोळ्यांदेखत स्त्रिया पळवल्या जातात. तरीही, राज्य सोडून महाप्रस्थानास निघालेल्या या वीराला धनुष्य मात्र सोडवत नाही! अखेर अग्नी वाट अडवून ते वरुणाला परत करण्यास सांगतो. त्याच मागणीसाठी पूर्वी तलवार उपसणारा अर्जुन आता धनुष्य आणि भाते पाण्यात सोडतो.

आम्हां शिक्षकांना ही कथा परकी वाटू नये. ज्या सरकारी अनुदानावर आम्ही पदव्या मिळवल्या, त्यात महाविद्यालयाची पायरी कधीही न चढलेल्यांच्या करांचा वाटा आहे. तथापि वर्गात एखाद्या विद्यार्थ्याने आमची चूक दाखवली, की आमचाही हात नकळत तलवारीकडे जातो. विद्या ही जणू आमची खासगी मिरास!

हिमालयात अर्जुन कोसळला, तेव्हा युधिष्ठिराने कारण सांगितले ते त्याच्या शौर्याच्या गर्वाचेच. धनुष्य परत केले, तरी जुन्या नोंदी पुसल्या गेल्या नाहीत. म्हणून परतफेड अखेरच्या प्रवासापर्यंत लांबवू नये. अर्जुनाला ती एकदाच करता आली. शिक्षकाला मात्र ती रोज, प्रत्येक तासाला करता येते.