घुमे नव्हेत, अंतर्मुख

गणपतीला आणि शिमग्याला मुंबईचे चाकरमानी आले की कोकणातल्या हेदवी गावातली घरं भरून जातात. आरत्या, भजनं, जाखडी आणि रात्री उशिरापर्यंत पडवीतल्या गप्पा. अशा वेळी आगराकडे निघून जाणाऱ्या किंवा पुस्तक घेऊन माजघरात बसणाऱ्या मुलाला हमखास ऐकावं लागतं, "घुमा कसा रे तू? माणसांत मिसळायला शीक!" बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण त्यामागच्या समजुती तपासून पाहायलाच हव्यात.

गैरसमज : अंतर्मुख म्हणजे लाजाळू.
वस्तुस्थिती : लाजणाऱ्याला बोलायचं असतं, पण लोक काय म्हणतील या धास्तीनं तोंडून शब्द फुटत नाही. अंतर्मुख माणसाला गर्दीचा आणि गोंगाटाचा शीण लवकर येतो, आणि थोडा वेळ एकटं राहिलं की हा शीण निघून जातो. एकाच माणसात दोन्ही असू शकतं, पण दोन्ही एक नव्हे.

गैरसमज : माणूस एक तर अंतर्मुख, नाहीतर बहिर्मुख.
वस्तुस्थिती : कार्ल युंग यांनी 1921 मध्ये ही जोडी मानसशास्त्रात रुजवली. आजचे अभ्यासक मात्र दोन कप्पे मानत नाहीत. या टोकापासून त्या टोकापर्यंत माणसं पसरलेली असतात आणि बहुतेक जण मधेच कुठेतरी असतात. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून दिसतं, की या स्वभावात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. त्यामुळे "आईबापांनी लाडावलं" किंवा "मोबाइलनं बिघडवलं" हे निदान घाईचं ठरतं.

गैरसमज : अशांना माणसं नकोशी असतात.
वस्तुस्थिती : धारवाडला राहणारे कथाकार जी. ए. कुलकर्णी सभा-समारंभांपासून कटाक्षानं दूर राहिले. पण त्यांनी स्नेह्यांना भरभरून पत्रं लिहिली आणि त्या पत्रांचे खंड निघाले. मूळच्या रत्नागिरीच्या लेखिका सुनीता देशपांडे यांचा आणि त्यांचा स्नेह पत्रांतूनच वाढला. सुनीताबाईंची पत्रं पुढे 'प्रिय जी. ए.' या पुस्तकात आली. मोजकी माणसं आणि त्यांच्याशी खोल नातं, अशीही माणसांची ओढ असते.

गैरसमज : मितभाषी माणूस पुढाकार घेऊ शकत नाही.
वस्तुस्थिती : आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या मुरुडचे धोंडो केशव कर्वे संकोची आणि मितभाषी होते. 1893 मध्ये त्यांनी विधवेशी विवाह केला, तेव्हा गावानं त्यांना वाळीत टाकलं. त्यांनी भांडण मांडलं नाही, काम मांडलं. 1896 मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला, त्यासाठी वर्गणी मागत फिरले आणि 1916 मध्ये महिला विद्यापीठ उभं केलं. 1958 मध्ये ते भारतरत्न झाले. ज्याला काम मनापासून पटलं आहे, तो गरज पडेल तिथे बोलतोच.

गैरसमज : वर्गात हात वर करत नाही, म्हणजे याला येत नाही.
वस्तुस्थिती : काही मुलं आधी मनात जुळवतात, मग बोलतात. प्रश्न विचारून थोडं थांबलं, लिहून उत्तर द्यायची मुभा दिली, तर तीच मुलं नेमकं बोलतात. चारचौघांत उभं करून "बोल, बोल" म्हटल्यानं ती अधिकच मिटतात.

गैरसमज : शांत स्वभाव आहे, म्हणजे काळजीचं काहीच नाही.
वस्तुस्थिती : जन्मजात शांतपणा वेगळा आणि अचानक आलेला अबोला वेगळा. हसतंखेळतं मूल एकाएकी गप्प झालं, झोप-जेवण बिघडलं, आवडीच्या गोष्टींतूनही मन उडालं, तर "स्वभावच तसा" म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांना दाखवा. 'टेलि-मानस'च्या 14416 या क्रमांकावर विनामूल्य मदत मिळते.

येत्या गणपतीत तुमच्या घरी असं एखादं मूल असेल, तर त्याला आरतीला जरूर बोलवा. आरती झाल्यावर ते आगरात गेलं, तर जाऊ द्या. चारचौघांत त्याला घुमं म्हणू नका. सवडीनं त्याच्याजवळ बसा आणि ते बोलू लागलं की मधे न तोडता ऐका.