निवृत्तांना रजेची घाई कशाला?

तावडे हॉटेलच्या चौकातून पुणे-बंगळूर महामार्ग जातो, शेजारी गांधीनगरची कापडपेठ, थोड्या अंतरावर शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहती, आणि उजळाईवाडीचा विमानतळ तर हाकेच्या अंतरावर. उचगाव आज नावाला गाव आणि व्यवहारात कोल्हापूरचं उपनगर आहे. अशा ठिकाणी निवृत्त झालेल्या शिक्षक, बँक कर्मचारी किंवा सरकारी नोकरांच्या घरात मुलांची लग्नं उरकली, घराचं कर्ज फिटलं, की एक विषय हमखास निघतो: एकदा परदेश बघून यायचा. त्यात गैर काही नाही. गंमत अशी, की ज्यांच्याकडे पहिल्यांदाच भरपूर वेळ आहे, ती माणसं नेमकी वेळ नसलेल्यांसाठी बेतलेली सहल विकत घेतात. बारा दिवसांत सात देश, पहाटे साडेपाचला सूटकेस खोलीबाहेर, रात्री हॉटेलात डाळखिचडी. हा आराखडा नोकरदाराच्या रजेच्या मापाने कापलेला आहे. ज्यांना रजेचा अर्ज देण्याची गरज उरली नाही, त्यांनी तो का अंगावर चढवावा?

या ग्रुप टूरनी मराठी मध्यमवर्गावर उपकार केले आहेत, हे आधी मान्य केलं पाहिजे. 1984 साली केसरी पाटलांनी आपली कंपनी काढली. इंग्रजीची भीती, व्हिसाची कागदपत्रं आणि जेवणाची चिंता या तीन अडचणी अशा कंपन्यांनी ग्राहकाच्या डोक्यावरून उतरवल्या. कधी एकटीने मुंबईही न गाठलेल्या बायका त्यामुळे स्वित्झर्लंडला जाऊन आल्या. पहिल्या खेपेला ही सोय हवीच. पण दुसऱ्या, तिसऱ्या खेपेलाही तीच धावपळ करणाऱ्यांच्या हाती काय लागतं, हे पाहण्यासाठी कोल्हापूरकरांना फार लांबचं उदाहरण नको. करवीरचे पहिले राजाराम महाराज 1870 मध्ये युरोपला गेले, इंग्लंडमध्ये काही महिने राहिले, रोज डायरी लिहीत राहिले आणि परतीच्या वाटेवर 30 नोव्हेंबरला फ्लोरेन्स शहरात वारले. वय अवघं वीस. आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर त्यांचं दहन झालं. तिथे कॅशिने उद्यानाच्या टोकाला 1874 मध्ये त्यांची छत्री उभी राहिली. तिचा आराखडा चार्ल्स मँट यांचा, म्हणजे कोल्हापूरचा न्यू पॅलेस आखणाऱ्याच स्थापत्यकाराचा. जवळच्या पुलालाही तिथले लोक या भारतीयाच्याच नावाने ओळखतात. सहलीच्या कार्यक्रमात फ्लोरेन्सला जेमतेम अर्धा दिवस मिळतो. तेवढ्यात कथीड्रलचा घुमट बघून होतो, पण शहराच्या पश्चिम टोकापर्यंत चालत जाणं बसत नाही. आपल्याच राजाच्या समाधीजवळून कोल्हापूरची माणसं बसमधून निघून जातात, आणि पुष्कळांना त्याची कल्पनाही नसते.

घाईत काय सुटतं, हे सर्वांत स्पष्ट दिसतं ते पाण्याखाली. स्कूबा डायव्हिंग हा तरुणांचा धाडसी खेळ अशी आपली समजूत आहे, पण त्याचे सगळे नियम संथपणाचे आहेत. दर दहा मीटर खोलीला दाब हवेच्या एका वातावरणाइतका वाढतो आणि श्वासातला नायट्रोजन रक्तात, मांसात विरघळत जातो. वर येताना तो हळूहळू बाहेर पडू द्यावा लागतो, नाहीतर सोड्याची बाटली झटकन उघडल्यासारखे त्याचे बुडबुडे होतात. म्हणून मिनिटाला साधारण नऊ मीटरपेक्षा वेगाने वर यायचं नसतं. एका साध्या डुबकीनंतर निदान 12 तास आणि लागोपाठच्या डुबक्यांनंतर निदान 18 तास विमानात बसायचं नसतं. घाट चढणं हाही उंचीवर जाण्याचाच प्रकार, त्यामुळे मालवणला खोल डुबकी मारून लगेच कोल्हापूरची वाट धरतानाही हा हिशेब करावा लागतो. 18 मीटरपर्यंतचा प्राथमिक परवाना देणारा अभ्यासक्रम सहसा तीन-चार दिवसांचा असतो. रोज शहर बदलणाऱ्या सहलीत हे बसवणार कुठे?

यावर पहिला आक्षेप वयाचा येईल, आणि तो गंभीर आहे. परवाना देणाऱ्या मोठ्या संस्थांनी वयाची वरची मर्यादा ठेवलेली नाही. रे वूली नावाच्या ब्रिटिश गृहस्थांनी 2019 मध्ये, वयाच्या 96 व्या वर्षी, सायप्रसजवळ बुडालेल्या झेनोबिया जहाजापर्यंत 42.4 मीटर खोल जाऊन विक्रम केला. पण ते अनेक दशकं डायव्हिंग करत आले होते, त्यामुळे या विक्रमावरून साठीतल्या नवशिक्याने काही अनुमान काढू नये. गळ्यापर्यंत पाण्यात उतरलं, की पायांतलं रक्त छातीकडे सरकतं आणि हृदयावरचा भार वाढतो. उतारवयातल्या डायव्हरांच्या मृत्यूंमागे हृदयविकार हे मोठं कारण आहे. रक्तदाब, मधुमेह, अँजिओप्लास्टी, दमा यांपैकी काही असेल तर स्ट्रेस टेस्ट आणि जाणत्या डॉक्टरचं लेखी मत याशिवाय पाण्यात उतरणं हा शुद्ध मूर्खपणा. उलट ज्या गुडघेदुखीमुळे किल्ला चढवत नाही, ती पाण्याखाली आड येत नाही, कारण तिथे शरीराचं वजन जाणवत नाही. पंधरा-एक किलोचं सिलिंडर बोटीवर जड वाटतं, तेही पाण्यात उतरल्यावर अंगावर चढवून घेता येतं. शिवाय डायव्हिंग नेहमी जोडीने करायचं असतं. एकमेकांची उपकरणं तपासायची, हवा किती उरली हे हाताच्या खुणांनी विचारायचं. अंगठा वर केला तर त्याचा अर्थ ‘छान’ असा नसून ‘वर चल’ असा असतो. चाळीस वर्षं संसार केलेल्यांना बोलण्यावाचून समजून घेण्याचा सराव असतोच, असं म्हणायला हरकत नाही.

जेवणाची गोष्ट याहून अवघड. तांबडा-पांढरा रस्सा आणि ज्वारीची भाकरी सोडून माणूस चार दिवस राहू शकत नाही, हा आक्षेप नुसता हसण्यावारी नेता येत नाही, कारण म्हातारपणी पोट बिघडणं महागात पडतं. पण याचं उत्तर रोज डाळखिचडी हे नव्हे. देश नीट निवडला तर अर्धं काम होतं. श्रीलंकेत नारळाच्या दुधात शिजलेली कच्च्या फणसाची भाजी आणि अप्पम शाकाहाऱ्यालाही परके वाटणार नाहीत. तिथे डायव्हिंगचा हंगाम पश्चिम किनाऱ्यावर नोव्हेंबर ते एप्रिल, तर पूर्वेला त्रिंकोमालीकडे मे ते सप्टेंबर असतो. बालीत शेंगदाण्याच्या कालवणातल्या भाज्या मिळतात, आणि तुलांबेन गावी 1942 साली टॉर्पेडो लागलेलं लिबर्टी जहाज किनाऱ्यापासून पोहत जाण्याच्या अंतरावर बुडालेलं आहे. मालदीवमध्ये 2009 नंतर स्थानिक वस्तीच्या बेटांवर गेस्टहाउसना परवानगी मिळाली, तेव्हापासून तो देश फक्त धनिकांचा राहिला नाही. तिथला नाश्ता म्हणजे किसलेलं खोबरं, ट्यूना मासा आणि आपल्या चपातीची बहीण शोभावी अशी रोशी. शुद्ध शाकाहाऱ्यांचे मात्र तिथे हाल होतात. थायलंडमध्ये भाजीतही फिश सॉस असतो, म्हणून पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत ‘जे’ लिहिलेली दुकानं शोधावीत. तिथे मांस-मासेच काय, कांदा-लसूणही नसतो.

इथे एक गोष्ट पुरुष वाचकांना मुद्दाम सांगायची आहे. एकाच गावी महिनाभर राहायचं म्हणून स्वयंपाकघर असलेलं घर भाड्याने घेतलं, की खर्च वाचतो खरा, पण बहुतेक वेळा बायको उचगावचा ओटा सोडून परक्या ओट्याशी उभी राहते. नवऱ्याला साठीत निवृत्ती मिळाली, तिला कधी मिळाली? ग्रुप टूर बायकांना एवढी का आवडते, याचं खरं उत्तर आयत्या ताटात आहे. म्हणून संथ प्रवासात दिवसातलं एक जेवण बाहेर, निवांत आणि चांगलं, हा नियम हवा. स्पेनमध्ये दुपारी ठरावीक दरात दोन पदार्थ, पाव, पेय आणि गोड असं पूर्ण ताट मिळतं, आणि तेच रात्री मागवलं तर बिल बरंच वाढतं. दुपारी तास-दीड तास टेबलाशी बसायला वेळ ज्याच्याकडे आहे, त्यालाच हा स्वस्त सौदा साधतो. नाश्त्याची फळं नवऱ्याने चिरावीत.

राहिला पैसा. औद्योगिक वसाहतीत आयुष्य काढलेल्या कामगाराची गत वेगळी आहे. कर्मचारी पेन्शन योजनेत 15,000 रुपयांच्या वेतनमर्यादेवर 35 वर्षं धरली तरी महिन्याला 7,500 रुपयेच बसतात, आणि किमान पेन्शन 2014 पासून 1,000 रुपयांवर अडलेली आहे. त्यांच्यापुढे बालीची चित्रं नाचवणं बरं नव्हे. पण ज्यांना जुनी पेन्शन किंवा बऱ्यापैकी ठेवी आहेत, त्यांच्यासाठी हिशेब उलटा आहे. विमानाचं भाडं पाच दिवसांना आणि पंचवीस दिवसांना तेवढंच पडतं. मे आणि दिवाळीच्या सुट्टीत सगळं महाग होतं, आणि त्याच सुट्टीत जाण्याची सक्ती निवृत्तांवर नसते. हॉस्पिटलसाठी बाजूला ठेवलेल्या रकमेला मात्र हात लावू नये. प्रवासविम्यात जुने आजार आणि डायव्हिंग धरलेलं आहे का, हे वाचूनच सही करावी. अनेक पॉलिसींत ते नसतं.

सुरुवात तरीही घराजवळूनच करावी. मालवणचा समुद्र कोल्हापूरपासून दीडशे-एक किलोमीटरवर, आणि तारकर्लीला राज्य पर्यटन महामंडळाची डायव्हिंग प्रशिक्षण संस्था आहे. तिथे आधी जलतरण तलावात शिकता येतं. विहिरीत किंवा पंचगंगेत पोहायला शिकलेले पुरुष या पिढीत बरेच आहेत, बायका कमी. त्यांना उथळ पाण्यात, प्रशिक्षकाचा हात धरून पहिली डुबकी मारायला पोहता येण्याची अट नसते. किनाऱ्यावर फोटोपुरती घाईची डुबकी विकणारेही आहेत, ते टाळावेत. मे 2022 मध्ये तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला होता, म्हणून लाइफ जॅकेट चढवल्याशिवाय बोटीत पाय ठेवू नये. कान दुखले, छाती भरून आली किंवा नुसतीच भीती वाटली, तर हौस तिथेच थांबवता येते आणि परदेशातला खर्चही वाचतो. जमलं तर पुढच्या बेताला दिवस सढळ हाताने द्यावेत. युरोपचा शेंगेन व्हिसा 180 दिवसांत 90 दिवसांपर्यंत राहू देतो, आणि त्याची फी जून 2024 पासून 90 युरो आहे: बारा दिवसांसाठीही तेवढीच, ऐंशी दिवसांसाठीही तेवढीच.