हे खरे आहे काय?

मंडळी, आपण मत देतो. बोटाला शाई लागते. आमदार निवडून जातो. मग पुढे काय?

आपल्या वर्गातल्या एका बाईंनी मला हेच विचारले. त्या म्हणाल्या, "गुरुजी, उद्या आमच्या गावची गाडी बंद झाली, तं जाब कोनाले इचारावा? आमदार तिकडं जाऊन करते तरी काय?"

बाईंनी नेमके विचारले. आज याचेच उत्तर पाहू.

मंत्र्याने उत्तर का द्यायचे?

घरातला मुलगा पैसे घेऊन बाजाराला जातो. परत आला की आई विचारते, "काय आणलंस? किती उरले?" मुलाला हिशेब द्यावाच लागतो. पैसे घरचे असतात.

राज्याचेही असेच आहे. पैसा आपला आणि कारभार मंत्र्यांकडे. म्हणून राज्यघटनेत लिहिले आहे की, मंत्रिमंडळ विधानसभेला जबाबदार राहील. जबाबदार म्हणजे काय? तर विचारले की सांगावे लागते.

विधानसभेत २८८ आमदार आहेत. आपल्या भंडारा जिल्ह्यातून तीन जातात. तुमसर, भंडारा आणि साकोली असे तीन मतदारसंघ आहेत. हिवाळी अधिवेशन बहुधा आपल्या जवळ, नागपूरला भरते. बाकीची मुंबईला भरतात. दिल्लीच्या लोकसभेत भंडारा आणि गोंदिया मिळून आपला एक खासदार असतो.

प्रश्न विचारायचा हक्क एका दिवसात मिळाला नाही. इंग्रजांच्या राज्यात १८९२ सालच्या कायद्याने कौन्सिलच्या सभासदांना प्रश्न विचारायची मुभा मिळाली. पण उत्तर ऐकून गप्प बसायचे. पुन्हा विचारायची सोय नव्हती. ती १९०९ साली मिळाली. आज आपला आमदार मंत्र्याला उभे करून विचारतो, तो या वाटेने आलेला हक्क आहे.

कोणत्या दाराशी जायचे?

सगळी कामे एका मंत्र्याकडे नसतात. दार चुकले तर उत्तर येते, "ही बाब या विभागाशी संबंधित नाही." म्हणून आधी दार ओळखावे.

एसटीची गाडी असेल तर राज्याचे परिवहन मंत्री. राज्य मार्ग असेल तर सार्वजनिक बांधकाम मंत्री. साकोलीवरून जाणारा ५३ नंबरचा राष्ट्रीय महामार्ग असेल तर दिल्लीचे रस्ते वाहतूक मंत्री. वरठीच्या भंडारा रोड स्टेशनाचे काम असेल तर दिल्लीचे रेल्वेमंत्री. कारखान्याचा धूर किंवा घाण पाणी असेल तर राज्याचे पर्यावरण मंत्री.

कधी कधी एका कामाला दोन दारे असतात. साकोलीहून देवरीकडे जाताना महामार्ग जंगलातून जातो. जवळच नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प आहे. रस्ता दिल्लीच्या खात्याचा. जंगल राज्याच्या वनखात्याचे. तिथे रस्त्यावर जनावर मेले, तर प्रश्न दोन्हीकडे विचारावा लागतो.

प्रश्नांचे प्रकार

सभागृहाचा पहिला तास बहुधा प्रश्नांचा असतो. त्याला प्रश्नोत्तराचा तास म्हणतात.

ज्या प्रश्नापुढे चांदणीची खूण असते, तो तारांकित प्रश्न. तारा म्हणजे चांदणी. त्याचे उत्तर मंत्री उभे राहून तोंडी देतात. उत्तर पुरते नसेल तर आमदार लगेच दुसरा प्रश्न विचारू शकतो. त्याला उपप्रश्न म्हणतात. खरी कसोटी उपप्रश्नाची असते. पहिले उत्तर कागदावर लिहून आणलेले असते. उपप्रश्नाचे आयते उत्तर हाती नसते. तिथे मंत्र्याला विषय किती ठाऊक आहे ते कळते.

ज्याला चांदणी नसते, तो अतारांकित प्रश्न. त्याचे उत्तर फक्त लेखी येते. त्यावर उपप्रश्न नाही.

लोकसभेत एका दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न घेतात. निदान १५ दिवस आधी प्रश्न द्यावा लागतो. प्रश्न फार आले तर सोडत काढतात. तासाभरात वीस प्रश्नही पुरे होत नाहीत. उरलेल्यांची उत्तरे लेखी मिळतात.

एक जुनी गोष्ट सांगतो. १९५७ साली लोकसभेत प्रश्न आला. आयुर्विमा महामंडळाने एका व्यापाऱ्याच्या कंपन्यांत पैसा घातला होता. तो का घातला, असे विचारले गेले. खासदार फिरोज गांधी यांनी ते प्रकरण लावून धरले. ते स्वतः सरकारच्याच पक्षाचे होते. पुढे चौकशी झाली. १९५८ साली अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला. सुरुवात एका प्रश्नाने झाली होती.

उत्तर कसे तयार होते?

आमदाराचा प्रश्न आधी विधानभवनात जातो. तो नियमात बसतो का, हे तिथे पाहतात. मग तो मंत्रालयातल्या खात्याकडे जातो. खाते जिल्ह्याला विचारते. गाडीचा प्रश्न असेल तर एसटीच्या अधिकाऱ्यांना, पाण्याचा असेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळाला. माहिती खालून वर जाते. खात्याचे लोक उत्तर लिहितात. मंत्री ते पाहून मान्य करतात.

म्हणजे उत्तर मंत्र्याच्या तोंडून येते, पण माहिती आपल्याच जिल्ह्यातून गेलेली असते. ती माहिती खरी की खोटी, हे मुंबईत कोण सांगणार? ते गावच सांगू शकते. हे नीट ध्यानात ठेवा.

पहिले कलम पक्के पाहिजे

आपल्या विधानसभेतले प्रश्न एका ठरावीक साच्यात असतात. "हे खरे आहे काय? असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली? नसल्यास, विलंबाची कारणे काय?" असा तो साचा.

आता नमुन्यादाखल दोन प्रश्न पाहू. दोन्ही मी समजावण्यासाठी बनवले आहेत.

पहिला प्रश्न असा:
(१) अमुक तालुक्यातील बससेवा विस्कळीत झाली आहे, हे खरे आहे काय?
(२) असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली?
(३) नसल्यास, विलंबाची कारणे काय?

उत्तर येते:
(१) हे खरे नाही.
(२) प्रश्न उद्भवत नाही.
(३) प्रश्न उद्भवत नाही.

संपले! "उद्भवत नाही" म्हणजे निर्माणच होत नाही. सेवा विस्कळीत झालीच नाही, तर कार्यवाही कसली आणि विलंब कसला? पहिले कलम पडले की खालची सगळी पडतात. बांधीची पाळ एका जागी फुटली की सगळे पाणी निघून जाते, तसेच हे.

दुसरा प्रश्न असा:
(१) अमुक गावाहून सकाळी ७ वाजता सुटणारी बस १ जुलैपासून बंद आहे, हे खरे आहे काय?
(२) असल्यास, या बसने शाळेत जाणाऱ्या ४३ मुलामुलींची कोणती सोय केली?
(३) बस कोणत्या तारखेपासून पुन्हा सुरू होईल?

आता "विस्कळीत" या शब्दाआड लपता येत नाही. गाडी सुटते किंवा सुटत नाही. "होय" किंवा "नाही" सांगावेच लागते.

पण सांभाळा. गाडी खरोखर ३ जुलैला बंद झाली आणि आपण १ जुलै लिहून दिले, तर? "हे खरे नाही" असे उत्तर येऊ शकते. दोन दिवसांच्या चुकीने ४३ मुले पायी चालत राहतील. एका तारखेची एवढी किंमत असते.

वैनगंगेचे पाणी

आता आपल्या जिल्ह्याचे खरे दुखणे घेऊ.

नागपूर शहराचे सांडपाणी नाग नदीत जाते. नाग नदीचे पाणी कन्हानला मिळते. कन्हान वैनगंगेला मिळते. पुढे पवनी तालुक्यात गोसीखुर्दचे धरण आहे. या धरणाचे भूमिपूजन १९८८ साली पंतप्रधान राजीव गांधी यांनी केले. धरणात पाणी अडते, तशी त्यात आलेली घाणही अडते. नदीकाठची गावे हेच पाणी पाहतात. ढिवर बांधवांचे पोट याच पाण्यातल्या मासोळीवर आहे.

या विषयावर विधानमंडळात आणि संसदेत प्रश्न झाले आहेत. पण दारे किती आहेत पाहा. पाणी तपासणे हे प्रदूषण नियंत्रण मंडळाचे काम, ते पर्यावरण खात्याकडे. शहराचे सांडपाणी महानगरपालिकेचे, ते नगरविकास खात्याकडे. धरण जलसंपदा खात्याकडे. नदी शुद्ध करण्याची मोठी योजना दिल्लीच्या जलशक्ती मंत्रालयाकडे. एकाच पाण्याची चार दारे!

२०२१ साली केंद्राने नाग नदीसाठी दोन हजार कोटी रुपयांहून मोठी योजना मंजूर केली. ऐकून बरे वाटते. पण "मंजूर" म्हणजे "झाले" नव्हे. लग्न ठरले म्हणजे वरात निघाली असे नाही. म्हणून अशा उत्तरावर उपप्रश्न पाहिजे. काम कोणत्या तारखेला सुरू झाले? आजवर किती पैसा खर्च झाला? किती सांडपाणी शुद्ध होऊन नदीत जाते आणि किती तसेच जाते?

उत्तरातले असे आणखी शब्द ओळखायला शिका. "बाब विचाराधीन आहे" म्हणजे अजून ठरले नाही. "निधीच्या उपलब्धतेनुसार" म्हणजे पैसा आला तर. "अंशतः खरे आहे" म्हणजे थोडे खरे, थोडे नाही. मग थोडे कोणते, ते विचारावे.

दिलेला शब्द

मंत्री सभागृहात म्हणाले, "हे काम करू," तर ते आश्वासन होते. ते वाऱ्यावर जात नाही. आश्वासने पाळली की नाही हे पाहायला आमदारांची समिती असते. लोकसभेतही अशी समिती आहे. तिथे आश्वासन तीन महिन्यांत पुरे करावे असा दंडक आहे.

आणि उत्तरच खोटे निघाले तर? कागदावर "गाडी सुरू आहे" आणि गावात गाडी नाही, असे झाले तर गावाने आमदाराला लगेच लेखी कळवावे. आमदार सभागृहात चूक दाखवू शकतो. मंत्र्याला उत्तर दुरुस्त करावे लागते. मुद्दाम खोटे सांगितले असेल तर हक्कभंगाची सूचना देता येते.

आपण काय करायचे?

आपल्याला विधानसभेत उभे राहता येत नाही. पण आमदाराच्या हातातला कागद आपण पक्का करू शकतो.

एक वही घाला. गाडी आली नाही, तारीख लिहा. पाण्याला वास आला, दिवस आणि घाट लिहा. मासोळी मेली, किती मेली ते लिहा. चार जणांच्या सह्या घ्या. आता अंगठा नको, सही! अधिवेशनाच्या बरेच आधी तो कागद आमदाराला द्या आणि पोच घ्या.

मग उत्तराची वाट पाहा. प्रश्नोत्तरांच्या याद्या विधानमंडळाच्या आणि संसदेच्या संकेतस्थळांवर असतात. शाळेत जाणारे पोर मोबाईलवर काढून देईल. पण वाचा तुम्ही स्वतः. पहिल्या कलमापासून शेवटच्या कलमापर्यंत वाचा.

आणखी एक वाट आहे. २००५ सालच्या माहिती अधिकार कायद्याने कोणीही नागरिक दहा रुपये भरून अर्ज करू शकतो. साधारणपणे ३० दिवसांत माहिती द्यावी लागते. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला फी नाही.

त्या बाईंना मी शेवटी एवढेच सांगितले, "बाई, आमदार विचारतो, मंत्री सांगतो. पण खरे काय ते तुम्हाला ठाऊक आहे. ते लिहून ठेवा." त्यांनी पाटी बाजूला ठेवली आणि नवी वही मागून घेतली.

शब्दांचे अर्थ
अधिवेशन – विधानसभेच्या किंवा संसदेच्या बैठकांचा काळ
विलंब – उशीर
विस्कळीत – घडी मोडलेली
कार्यवाही – काम पुढे नेणे
आश्वासन – दिलेला शब्द
पोच – कागद मिळाल्याची सही

सांगा पाहू
१. एसटीच्या गाडीबद्दल कोणत्या मंत्र्याला विचारतात?
२. "प्रश्न उद्भवत नाही" याचा अर्थ काय?
३. तुमच्या गावच्या एका अडचणीवर "हे खरे आहे काय?" असा प्रश्न लिहा. तारीख आणि आकडा विसरू नका.