जे पडत नाही, त्याची चिंता

सुदुंबऱ्याच्या आकाशात दिवेलागणीनंतर एखादा न लुकलुकणारा ठिपका शांतपणे सरकताना दिसतो. तो उपग्रह आहे, असे सांगितले की विद्यार्थी हमखास विचारतात, "तो आपल्या अंगावर पडेल का?" प्रश्न अवाजवी नाही. २ एप्रिल २०२२ च्या रात्री महाराष्ट्रातील असंख्य लोकांनी आकाशातून जळते तुकडे जाताना पाहिले आणि चंद्रपूर जिल्ह्यातील लाडबोरी (ता. सिंदेवाही) येथे धातूचे एक प्रचंड कडे कोसळले. चीनने फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या अग्निबाणाचे ते अवशेष असावेत, असे अभ्यासकांनी सांगितले.

वरून पडणारी वस्तू भीतिदायक खरी; परंतु जी पडत नाही, तिची चिंता अधिक करावी लागते, हे आम्हांस येथे सांगावयाचे आहे.

चारशे किलोमीटर उंचीवरही वातावरण संपलेले नसते. तेथील हवा अत्यंत विरळ असते. तरी ताशी सुमारे २८,००० किलोमीटर वेगाने फिरणाऱ्या वस्तूला तिचा अडथळा होतो. वस्तू हळूहळू खाली येते व बहुधा जळून जाते. अवकाशाची ही निसर्गाने चालविलेली झाडलोटच होय. सूर्य अधिक सक्रिय झाला की वरची हवा तापून फुगते आणि झाडलोट वेग घेते. ११ जुलै १९७९ रोजी 'स्कायलॅब' अपेक्षेपेक्षा लवकर कोसळली, ती याचमुळे. त्या दिवसांतील धसका आमच्या वडीलधाऱ्या वाचकांना आठवत असेल.

कार्बन डायऑक्साइड नेमके उलट करतो. जमिनीलगतच्या दाट हवेत तो पृथ्वीची उष्णता शोषून तिचा काही भाग परत खाली पाठवितो. वर मात्र हवा इतकी विरळ असते की, आजूबाजूच्या कणांच्या धडकेतून त्याला मिळालेली ऊर्जा अवरक्त किरणांच्या रूपाने सरळ अवकाशात निघून जाते. खाली गोधडी ठरणारा वायू वर पंखा होतो. वरचे थर थंडावतात, आकसतात आणि ठरावीक उंचीवरील हवा आणखी विरळ होते. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दर दहा लाख भागांत या वायूचे सुमारे २८० भाग होते. आज ते ४२० हून अधिक आहेत.

हवा विरळ झाली की अडथळा घटतो आणि कचरा अधिक काळ फिरत राहतो. १० फेब्रुवारी २००९ रोजी सैबेरियावर सुमारे ७९० किलोमीटर उंचीवर एक निकामी रशियन उपग्रह व एक चालू अमेरिकन उपग्रह यांची टक्कर होऊन हजारो तुकडे झाले. असा प्रत्येक तुकडा नव्या टकरीचे कारण ठरू शकतो. उत्सर्जन असेच वाढत राहिले, तर २१०० पर्यंत या कक्षांत सुरक्षितपणे मावणाऱ्या उपग्रहांची संख्या निम्म्याहून कमी होईल, असे २०२५ मधील एका अभ्यासाने दाखविले आहे. हवामानाचा अंदाज, वादळाची पूर्वसूचना, दूरसंचार यांचा भार आज त्यांच्यावरच आहे.

उपाय आहेत. सुमारे ८७० किलोमीटर उंचीवरचा 'मेघा-ट्रॉपिक्स' शंभराहून अधिक वर्षे फिरत राहिला असता. 'इस्रो'ने उरलेल्या इंधनाच्या साहाय्याने ७ मार्च २०२३ रोजी त्याला प्रशांत महासागरावर उतरवून नष्ट केले. आपण सोडलेली वस्तू आपणच आवरावी, ही वसतिगृहातील साधी शिस्त तेथेही लागू पडते. मात्र धुराला परत बोलाविता येत नाही. तळेगाव-चाकणच्या रस्त्यांवरून आज हवेत गेलेल्या वायूचा काही अंश शतकानुशतके टिकेल. तो सरकता ठिपका पाहताना विद्यार्थ्यांना एवढे सांगावे, की त्याच्या वाटेचा निर्णय काही अंशी येथे, जमिनीवर होत आहे.