बर्नहून आंबेठाणला... घामाचे दाम मागायला!

स्वित्झर्लंडमधली सुखाची नोकरी सोडून एक माणूस पुण्याजवळच्या माळरानावर शेती करायला आला. ‘शेतकऱ्याला भीक नको, मोकळीक द्या’ असं त्यानं उभी हयात सांगितलं. लाखोंनी ते ऐकलं. सरकारांनी किती ऐकलं?

बेंगळुरू शहरातून तुमकूर रोडनं बाहेर पडलं, की पीण्या औद्योगिक क्षेत्र लागतं. लेथचा आवाज, कटिंग ऑइलचा वास, गल्लोगल्ली मशीन शॉप. इथला छोटा कारखानदारही जॉब हातात घेण्याआधी कागदावर हिशेब मांडतो. लोखंड एवढं, वीज एवढी, मजुरी एवढी, वर थोडा नफा. मोठ्या कंपन्या भाव पाडून मागतात हे खरं, पण अगदीच परवडत नसेल तर ‘जमणार नाही’ म्हणण्याची सोय त्याला असते.

याच रस्त्यावरून महाराष्ट्रातल्या कांद्याचे ट्रक यशवंतपूरच्या बाजाराकडे जातात. त्या कांद्याचा भाव पिकवणाऱ्यानं ठरवलेला नसतो. माल विकून झाल्यावर त्याच्या हाती पट्टी येते. तीत आडत, हमाली, तोलाई, भाडं आधीच वजा झालेलं असतं. उरेल ते त्याचं. कधी काही उरतच नाही!

असं का? या एका प्रश्नामागे ज्या माणसानं आयुष्य लावलं, त्याचं नाव शरद जोशी.

टपाल खात्यातला साहेब

३ सप्टेंबर १९३५ रोजी साताऱ्यात त्यांचा जन्म झाला. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजातून ते एम. कॉम. झाले, काही काळ कोल्हापुरात प्राध्यापकी केली आणि १९५८ मध्ये भारतीय टपाल सेवेत शिरले. दहा वर्षांनी थेट स्वित्झर्लंड! बर्न इथल्या जागतिक टपाल संघटनेत ते अधिकारी झाले. बायको, दोन मुली, टुमदार शहर. मध्यमवर्गीय मराठी घराला आणखी काय हवं?

पण गरीब देशांना दिली जाणारी मदत त्यांना तिथे जवळून पाहायला मिळाली. बैठका होत, अहवाल निघत, पैसाही सुटे. पण गरिबाच्या घरात चूल काही पेटत नसे. भारताच्या गरिबीचं मूळ कोरडवाहू शेतीत आहे, असं त्यांच्या मनानं घेतलं. मग ते पुस्तकात कशाला शोधायचं? १९७७ च्या सुमारास ते नोकरी सोडून परतले. चाकणजवळ आंबेठाणला त्यांनी कोरडवाहू जमीन घेतली. तिचं नाव पुढे ‘अंगारमळा’ पडलं. याच नावाच्या त्यांच्या पुस्तकात त्या दिवसांची हकिगत आहे.

उलट्या पट्टीचा धडा

अर्थशास्त्र शिकलेल्या माणसानं शेतीचा पैन् पै खर्च वहीत लिहायला सुरुवात केली. काकडी लावली, पिकली, बाजारात गेली. सुरुवातीला बरे पैसे आले, मग भाव घसरत गेला आणि एके दिवशी आली ती ‘उलटी पट्टी’! म्हणजे माल तर गेलाच, वर खर्चापोटी व्यापाऱ्याचंच देणं निघालं.

शेजाऱ्यांना यात नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते जोशींना. शेतकरी आळशी, अडाणी, लग्नकार्यात उधळ्या म्हणून गरीब राहतो, असं शहरात सर्रास बोललं जायचं. त्यांची वही वेगळंच सांगत होती. निर्यात बंद करायची, लेव्ही घ्यायची, जिल्हाबंदी-राज्यबंदी लादायची आणि शहराला स्वस्त धान्य पुरवायचं. हे दैव नव्हतं, धोरण होतं! पिळणाऱ्या ‘इंडिया’ला आणि पिळल्या जाणाऱ्या ‘भारता’ला त्यांनी समोरासमोर उभं केलं ते इथूनच.

१९७९ मध्ये शेतकरी संघटना उभी राहिली. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही घोषणा गावोगावी घुमली. जानेवारी १९८० मध्ये रस्त्याच्या मागणीसाठी वांद्रे ते चाकण पायी मोर्चा निघाला. त्याच वर्षी कांदा आणि उसाच्या भावासाठी नाशिक जिल्ह्यात रस्ते आणि रेल्वे अडली. मार्च १९८१ मध्ये पाळी आली निपाणीच्या तंबाखूची. पीण्यावरून जाणारा हाच पुणे-बेंगळुरू महामार्ग शेतकऱ्यांनी अडवला आणि तिथेच मुक्काम ठोकला. दिवसामागून दिवस गेले, बायाबापड्या हलल्या नाहीत. ६ एप्रिलला पोलिसांचा गोळीबार झाला, शेतकऱ्यांचे जीव गेले. आज तिथून गाडी सुसाट जाते. डांबराखालचं रक्त कुणाला आठवतं?

घरची लक्ष्मी

जोशींचं वेगळेपण चांदवडला दिसलं. नोव्हेंबर १९८६ मध्ये तिथे शेतकरी महिलांचं अधिवेशन भरलं. डोक्यावर पदर, हातात भाकरीचं गाठोडं, अशा लाखो बाया आल्या. शेतातलं निम्म्याहून अधिक काम जी करते, तिचं नाव सातबाऱ्यावर का नाही? भावासाठी सरकारशी भांडणाऱ्या शेतकऱ्यानं आधी आपल्या घरातलं देणं फेडावं, असा त्यांचा आग्रह होता. त्यातूनच ‘लक्ष्मीमुक्ती’ आली. कायद्याची सक्ती नसताना कितीतरी गावांत शेतकऱ्यांनी जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे केला.

पुढे याच माणसानं भल्याभल्यांना चकित केलं. ९ मार्च २०१० रोजी महिला आरक्षण विधेयक राज्यसभेत १८६ विरुद्ध १ मतानं मंजूर झालं. विरोधातलं ते एकमेव मत शरद जोशींचं! आरक्षित मतदारसंघ दर निवडणुकीला बदलत राहिले, तर बाईला आपलं क्षेत्र बांधताच येणार नाही, असा त्यांचा आक्षेप होता. पटो न पटो, सगळं सभागृह एका बाजूला असताना एकट्यानं हात वर करायला छाती लागते.

एकाच रस्त्याची दोन टोकं

जुलै १९९१ मध्ये उद्योगांवरचं लायसन्स-परमिटचं जोखड बरंचसं उतरलं. मग शेतीवरचं का नाही, हा जोशींचा सवाल होता. डंकेल प्रस्तावाचं त्यांनी उघड स्वागत केलं, तर कर्नाटकात प्रा. नंजुंडस्वामींच्या रयत संघानं त्याविरुद्ध बेंगळुरूत प्रचंड सभा भरवली. जगाचा बाजार एकाला दरवाजा वाटला, दुसऱ्याला सापळा. बड्या कंपन्यांपुढे छोटा शेतकरी टिकेल का, ही नंजुंडस्वामींची शंका हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती.

१९९४ मध्ये जोशींनी स्वतंत्र भारत पक्ष काढला. पण रस्त्यावर लाखोंनी येणारा शेतकरी मतपेटीपाशी जात, गट आणि पुढारी पाहून शिक्का मारी. थेट निवडणुकीत जोशींना यश मिळालं नाही. १२ डिसेंबर २०१५ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं.

आणि त्यांचा प्रश्न? २०२० साली शेतमाल विक्रीची बंधनं सैल करणारे कायदे आले, दिल्लीच्या वेशीवर वर्षभर आंदोलन झालं आणि ते मागे घेतले गेले. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली, ती मे २०२४ मध्ये उठली. तोवर चाळीतला कांदा सडला तो शेतकऱ्याचाच.

कांदा महागला की आपल्या घरी बजेटची चर्चा होते. स्वस्त झाला की होत नाही. पुढच्या वेळी दहा रुपयांत किलोभर कांदा पिशवीत पडेल, तेव्हा एवढं मनात आणा... यातली पट्टी कुणाच्या घरी उलटी गेली असेल?