नोकरीची शाश्वती कशात आहे?

शालान्त परीक्षेचा निकाल लागला, म्हणजे आमच्या कर्जत-खालापूरकडील पालकांपैकी कोणी ना कोणी आम्हांस गाठून एक गोष्ट हटकून विचारतात : "गुरुजी, पोरगा कायमचा चिकटेल असं काही सांगा." हा 'चिकटणे' शब्द मोठा बोलका आहे. मुलाने एखाद्या कचेरीस वा कारखान्यास एकदा चिकटावे आणि आईबापांनी सुटकेचा श्वास सोडावा, ही त्यातील भावना. तीस आम्ही हसत नाही. ज्या घरी चार महिन्यांचे भात आणि आठ महिन्यांची काळजी, त्या घरी शाश्वतीची ओढ असावयाचीच. परंतु ज्यास चिकटावयाचे ती वस्तू तरी जागची हलणार नाही काय, याचा विचार पालकांनी व विद्यार्थ्यांनी आमच्याबरोबर थोडा वेळ करावा, अशी विनंती आहे.

यासाठी दूर जावयास नको. कर्जत स्टेशनात पुण्याकडील गाडीस मागून जोड इंजिन लागताना आपण सर्वांनी पाहिले आहे. रेल्वेचे लोक त्यास 'बँकर' म्हणतात. (त्या थांब्याच्या अवधीत कर्जतचा बटाटावडा मुलुखभर नावाजला, ही गोष्ट निराळी.) भोर घाटातील लोहमार्गाचे काम १८५६ साली सुरू झाले व १८६३ साली त्यावरून गाड्या धावू लागल्या. या घाटाचा चढ सदतिसास एक, म्हणजे सदतीस फूट पुढे जाताना गाडी एक फूट वर चढते. लोखंडी रुळावर लोखंडी चाक, तेव्हा हा चढ थोडाथोडका नव्हे. म्हणून मागून रेटा द्यावा लागतो.

प्रारंभी हा रेटा वाफेचा होता. इंजिनावर चालकाशेजारी फायरमन असे. भट्टीत कोळसा कोठे किती टाकावा, बाष्पपात्रातील पाणी किती राखावे, चढणीपूर्वी वाफेचा दाब कसा साठवावा, ही त्याची विद्या, आणि ती वर्षांच्या उमेदवारीने हाती येई. अशा माणसास आपली नोकरी घाटाइतकीच अढळ वाटली असल्यास नवल नाही. परंतु १९२९-३० च्या सुमारास कल्याण-पुणे मार्गावर विजेची इंजिने आली. त्यांतील मालगाडीच्या एका जातीस आपल्याकडील लोकांनी 'खेकडा' असे नाव दिले होते. खंडाळ्याजवळ गाडीस थांबून उलट दिशेने पुढील चढण चढावी लागे, ती जागाही १९२९ साली नवा मार्ग काढून टाळण्यात आली. खेकड्यास कोळसा लागत नव्हता. फावड्यावरील हात कितीही तरबेज असो, त्यास तेथे काम उरले नाही.

बदल तेथेच थांबला असेही नाही. पंधराशे व्होल्टचा एकदिश प्रवाह जाऊन या शतकाच्या प्रारंभीच्या दशकांत पंचवीस हजार व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह आला, आणि जुनी इंजिने मोडीत निघाली. फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबई-सोलापूर 'वंदे भारत' गाडी सुरू झाली. ती तर जोड इंजिनावाचूनच घाट चढते. तेव्हा आज जो तरुण "मी बँकरवर लागलो की जन्माची चिंता मिटली" असे म्हणेल, त्याने ती गाडी कर्जतवरून जाताना एकवार नीट पाहावी.

आता यात एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. इंजिने बदलली; घाट बदलला नाही. चढ सदतिसास एक होता तसाच आहे. उतरताना वेग कोठे आवरावा, ब्रेक कोठे लावावा, ताबा सुटलेली गाडी अडविण्यासाठी चढावर नेलेले आडमार्ग कोठे आहेत, हे वाफेच्या चालकास जितके ठाऊक असावे लागे तितकेच आजच्या चालकासही असावे लागते. नव्या मार्गावर गाडी हाकण्यापूर्वी तो मार्ग 'शिकावा' लागतो, असा रेल्वेचा दंडकच आहे. आमच्या मते प्रत्येक धंद्यातील ज्ञानाचे असे दोन भाग असतात : एक घाटाचे ज्ञान आणि दुसरे इंजिनाचे. पहिले सहसा जुने होत नाही. दुसरे पुनःपुन्हा नव्याने शिकावे लागते. ज्याने केवळ दांडा कोणता ओढावा एवढेच पाठ केले, तो दांड्याबरोबर अडगळीत जातो. दांडा ओढल्याने काय होते, हे ज्याने विचारून घेतले, त्यास दुसरे इंजिन शिकण्यास फार अवधी लागत नाही.

पालक म्हणतील, गुरुजी, आम्ही शेतकरी. आम्हांस इंजिनाचे काय? तर नेरळजवळ मालेगाव येथे श्री. चंद्रशेखर भडसावळे यांनी 'सगुणा भात तंत्र' या नावाने जी पद्धत रूढ केली आहे ती पाहावी. तीत नांगरणी, चिखलणी व लावणी ही तिन्ही कामे नाहीत. गादीवाफे एकदा करावयाचे, त्यांवर भात टोकावयाचे, आणि कापणीनंतर मुळे जमिनीतच कुजू द्यावयाची. आपल्या आजोबांस हे सांगितले असते तर त्यांनी आपल्यास वेड्यात काढले असते! तथापि पाणी कोठे साचते, कोणती माती किती ओल धरते, हे आजोबांचे ज्ञान या पद्धतीतही तितकेच कामास येते. येथील संशोधन केंद्राने काढलेल्या कर्जत-३, कर्जत-७ इत्यादी भाताच्या जातीही प्रथम नव्याच होत्या.

येथे एक कबुली देणे आम्हांस आवश्यक वाटते. सतत शिकणाऱ्यावर संकट येतच नाही, असे सांगणे खोटे होईल. खोपोलीच्या वीजगृहाकडे पाहा. लोणावळ्याच्या तलावांचे पाणी नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली आणून १९१५ साली टाटांनी तेथे वीज उत्पन्न केली, ती मुंबईच्या कापड गिरण्यांसाठी. १९२२ साली भिवपुरीचे वीजगृह त्यास जोड म्हणून आले. वीजगृहे आजही आहेत. गिरण्या मात्र गेल्या. १८ जानेवारी १९८२ रोजी जो संप सुरू झाला, त्यात सुमारे अडीच लाख कामगार होते, आणि त्यांत कोकणातील घरे किती होती हे येथे सांगावयास नको. ते आळशी होते म्हणून उघडे पडले, असे जो म्हणेल तो अन्याय करील. तेथे इंजिन बदलले नाही, घाटच नाहीसा झाला. त्या दिवसांत कोणाच्या हाती दुसरे एखादे काम होते, कोणाच्या घरी शिवणयंत्र होते, कोणी रात्रशाळेत चार इयत्ता पुढे गेला होता. अशांचेही दुःख टळले नाही. परंतु उभे राहावयास त्यांस वीतभर जमीन मिळाली. शिक्षणाकडून आम्ही एवढीच अपेक्षा करतो, आणि ती अपेक्षा लहान नाही.

दुसरी शंका वयाची. "आता या वयात काय शिकायचं?" हे वाक्य आम्ही पालकांच्याच नव्हे, शिक्षकांच्या खोलीतही ऐकले आहे. पंडिता रमाबाईंस वयाच्या विसाव्या वर्षी, १८७८ साली, कलकत्त्याच्या विद्वानांनी पंडिता ही पदवी दिली. तेवढ्या संस्कृत विद्येवर त्यांस जन्मभर मान मिळाला असता. परंतु त्या इंग्रजी शिकल्या, इंग्लंड-अमेरिकेस जाऊन तेथील शिक्षणपद्धती पाहून आल्या, आणि चाळिशी उलटल्यावर पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतरासाठी हिब्रू व ग्रीक शिकू लागल्या. केडगावच्या मुक्तिसदनातील मुलींस त्यांनी छापखान्याचे कामही शिकविले. ते भाषांतर १९२४ साली, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, प्रसिद्ध झाले.

मग मुलास कोणत्या ठिकाणी घालावे? खोपोलीचा कारखाना असो, रेल्वे असो, मुंबईची कचेरी असो. मिळेल ते प्रामाणिक काम आनंदाने धरावे. केवळ पहिला पगार हाती येताच पुस्तके माळ्यावर टाकण्याची जी चाल आपल्याकडे पडली आहे, ती पालकांनी मोडावी. रोजचा अर्धा तास पुरे. कर्जतहून मुंबईच्या लोकलने जाण्यास दोन तासांच्या आसपास लागतात. जागा मिळाली तर तेवढ्यातही पुष्कळ वाचून होते. आमच्या शाळेचे वाचनालय शनिवारी दुपारी दोनपर्यंत उघडे असते. माजी विद्यार्थ्यांस व पालकांस तेथे येण्यास कोणतीही आडकाठी नाही. गेल्या वर्षी त्यांपैकी अवघे तिघे आले होते.